घट्ट लावलेली झाकणं

४ जानेवारी, सोमवार

आज माझ्या ओट्यावर एक यंत्र पत्र्याच्या डब्याभोवती आपल्या पायांनी चालत गेलं. त्याला पाय नाहीत हे मला कळतं, पण दुसरं काय लिहू? मुठीएवढा प्लॅस्टिकचा गोळा. डब्यावर ठेवला, बटण दाबलं आणि हात काढून घेतला. तो गुरगुरला, डब्याची कड धरून हळूहळू सरकू लागला आणि पुरती फेरी मारून जिथून निघाला होता तिथे येऊन गप्प बसला. झाकण उचललं तर कड गुळगुळीत. बोट फिरवून पाहिलं, कुठे ओरखडासुद्धा नाही. मी पुन्हा एक डबा उघडला. दोन डबे मटार उघडून बसलेत, आता ते खायचे कोणी हा प्रश्न आहे.

माझी सगळी नोकरी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून गेली. तराजूखाली लावलेलं मेण, पोकळ केलेली वजनं, चेपलेल्या तळाची मापं या बोटांनी शोधून काढली आहेत. वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, ती तपासायची. आणि स्वयंपाकघरातल्या यंत्रांबद्दल तर माझं मत ठाम होतं, की धडधाकट माणसाला एक सुरी, दोन पातेली आणि डोकं पुरतं. बाकी सगळी हौस.

पण हे यंत्र हौसेचं नाही, धाकटीसाठी आहे. धाकटी म्हणजे माझी बहीण. थंडीच्या सुरुवातीला तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर आधीपेक्षा जास्त चालते, पण उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबतो. दवाखान्यातून तिला थेट माझ्याकडे आणली. तेव्हापासून तिचं घर बंद आहे.

काल भाच्याचा फोन आला होता. तो दूरच्या शहरात नोकरीला असतो. म्हणाला, "मावशी, आईला एकटीने राहणं जमणार नसेल तर घर सोडून टाकतो आणि तिला माझ्याकडे नेतो." धाकटीने फोन माझ्या हातून हिसकावला.

"फेब्रुवारीअखेर ये," ती म्हणाली. "सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं एका हाताने करून दाखवते. मधे एकदा जरी कुणाला हाक मारली तर खुशाल घर सोड. नाही मारली तर माझी किल्ली माझ्या हातात द्यायची."

तो बरं म्हणाला. मी बघू म्हणाले.

९ जानेवारी, शनिवार

बाजाराच्या कोपऱ्यावरचा भांडेवाला मला पाहून ताडकन उभा राहिला. एके काळी त्याच्या तराजूला चिकटवलेलं नाणं मी चार लोकांसमोर काढलं होतं.

"बाई, आता सगळं इलेक्ट्रॉनिक आहे हो!"

"तपासायला नाही आले. घ्यायला आले."

"घ्यायला?" त्याने मदतनिसाकडे असं पाहिलं, जशी काही वाघीण पालेभाजी मागतेय. पण माणूस आपल्या कामात पक्का. एका वाटीसारख्या भांड्यात त्याने सोललेला कांदा टाकला, झाकण लावलं, त्याची दोरी ओढली. खर्र, खर्र, खर्र. उघडून दाखवलं. कांदा रव्यासारखा बारीक, आणि माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. आमच्या आईने आयुष्यभर कांद्यापायी किती आसवं गाळली असतील! आणि उपाय काय, तर एक दोरी आणि तीन पाती.

तो चॉपर घेतला. अर्धचंद्रासारखी एक सुरी घेतली. ती पुढेमागे डोलवली की भाजी चिरते, दुसऱ्या हाताने धरावी लागत नाही. बुडाला रबरी वाट्या असलेलं सालकाढणं घेतलं. निघताना भांडेवाला म्हणाला, "पावती देऊ ना बाई?" म्हटलं, "मी असताना विचारतोस?"

१० जानेवारी, रविवार

तपासल्याशिवाय कुठलीही वस्तू धाकटीच्या हाती देणार नाही. म्हणून माझा उजवा हात जुन्या मफलरने कमरेशी बांधून घेतला. दाताने गाठ ओढली आणि एकेक यंत्र चालवून पाहिलं. सुरी उत्तम, पास. सालकाढणं ओट्याला पालीसारखं चिकटलं, पास. चॉपर मात्र दोरी ओढली की ओट्यावरून माझ्यामागे पळत येतो. धरायला दुसरा हात हवाच. नापास.

इतक्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरची शिंपीण कपडे द्यायला आली होती. मी दार उघडलं ती डाव्या हातात सुरी आणि उजवा हात बांधलेला.

"अगंबाई! कुणी बांधलं तुम्हाला?"

"मीच."

ती कपडे उंबऱ्यावर ठेवून जिना उतरली. मग कळलं की गाठ सुटत नाही. आत गेले तर धाकटी हसून हसून पलंगावर आडवी. "दुसऱ्यांची मापं तपासता तपासता स्वतःलाच सील केलंस गं ताई!" मग तिने गाठ दातात धरली, डाव्या हाताचं एक बोट आत घातलं, काय केलं कोण जाणे, मफलर सुळकन सुटला. एका हाताने. मी दोन हातांनी तरी सोडवला असता का, शंका आहे.

१७ जानेवारी, रविवार

माझ्या सगळ्या चाचण्या उलट्या पडल्या.

मी पास केलेली सुरी धाकटीने दोन दिवसांत बाजूला ठेवली. मनगट भरून येतं म्हणाली. नापास केलेला चॉपर मात्र तिने उचलला, खालचा खण अर्धा उघडला, त्यात उभा केला, पोटाने खण रेटून चॉपर आवळला आणि दोरी ओढली. तो जागचा हलला नाही. कांदा झाला, टोमॅटो झाले, कोबी झाला. मी बघतच राहिले. खण म्हणजे चमचे ठेवायची जागा, एवढंच मला आजवर माहीत होतं.

"हे तुला सुचलं कसं?"

"सुचलं नाही. अडलं." मग म्हणाली, "ताई, तुझा हात बांधलेला होता, पण होता. तू त्या खांद्याने अंग तोलतेस, कोपराने भांडं दाबतेस. तुला कळतसुद्धा नाही. माझ्याकडे तो नाहीच. म्हणून मग पोट, हनुवटी, गुडघे, मिळेल ते कामाला लावायचं."

वजनं माझी खरी होती, तराजूच दुसऱ्याचा होता. नवख्या निरीक्षकाकडून ही चूक झाली असती तर मी त्याला उभा आडवा घेतला असता.

२३ जानेवारी, शनिवार

पुन्हा बाजार. गरज नव्हती. पाय वळले.

खरं तेच लिहायचं म्हणून लिहिते, की आज मी सफरचंद सोलायचं यंत्र घेतलं. दांडा फिरवला की सफरचंद गरागरा फिरतं आणि साल एका लांबलचक फितीसारखी उतरते. आमच्या घरी सफरचंद सालीसकटच खातात. पण ती फीत! भांडेवाल्याने अख्खं फळ सोलून साल माझ्यासमोर उचलून धरली तेव्हा माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. त्याने ते ऐकलं. आता हा मला सोडणार नाही.

एक प्लॅस्टिकचा वजनकाटाही आणला, खोटा पडेल म्हणूनच. निवृत्तीच्या वेळी मिळालेली पितळी वजनं काढली, पुसली, एकेक ठेवलं. काटा बरोबर. सगळी एकदम ठेवली. तरी बरोबर. रिकाम्या वाटीएवढ्या हलक्या त्या डबडीत हा खरेपणा कुठून आला? आम्ही या खरेपणासाठी काचेच्या पेटीत, श्वास रोखून काम करायचो. धाकटीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या डोळ्यांत पाणी आहे का गं?" धूळ होती.

आणखी एक वस्तू घेतली. बरणीची झाकणं उघडायचा शिकंजा. फळीखाली स्क्रूने बसवायचा. रबरी दातांची खाच असते, झाकण त्यात सारायचं आणि बरणी एका हाताने फिरवायची. दुकानात भांडेवाल्याने लोणच्याची जाम बसलेली बरणी चुटकीसरशी उघडली. यंत्र म्हणून बिनतोड आहे. पण स्क्रू बारीक वाटतात. तपासून मगच बसवीन. तोवर कपाटावर ठेवला आहे.

२९ जानेवारी, शुक्रवार

धाकटी आता भात करते, सूप करते, भाजी करते. पातेलं सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घालते. बटाटा सोलताना पाहावं. खिळे वर आलेली एक पाटी मी आणली होती, तिच्यावर बटाटा खोचायचा की तो बसतो. ती साधं, हातात धरायचं सालकाढणं फिरवते, बटाटा उपटून उलटा खोचते, पुन्हा फिरवते. सुरुवातीला अर्धा बटाटा सालीबरोबर जायचा. आज साल इतकी पातळ की मी खिडकीशी धरली तर पलीकडचा उजेड दिसला. डाव्या हाताने आयुष्यात कधी सही केली नव्हती तिने. जन्मभर मागे बसलेला हात पन्नाशीनंतर पुढे येतो आणि सगळं शिकतो. असं काही असू शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी पुरावा मागितला असता.

फक्त झाकणं तिला जमत नाहीत. मीठ, साखर, चहा, डाळी, सगळं फिरकीच्या झाकणांच्या बरण्यांत आहे. दिवसातून एकदा तरी स्वयंपाकघरातून हाक येते, "ताई!" मी हातातलं टाकून जाते, उघडून देते. मग तिथेच स्टुलावर बसते. तिचं बोलणं चालूच असतं.

६ फेब्रुवारी, शनिवार

"ताई, ही झाकणं तू लावतेस की लोहार?"

मी झाकणं घट्टच लावते. सैल राहिलं की चहाचा वास जातो, मीठ सादळतं. हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

शिकंज्याचे स्क्रू अजून पाहायचे राहिलेत.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना मी सहज म्हटलं, "इथेच राहिलीस तर काय बिघडतं? हवी ती यंत्रं आहेत. माणूस आहे."

तिने चमचा खाली ठेवला. तिच्या घरच्या ओट्यासमोर खिडकी आहे आणि खिडकीतून रेल्वेचा सिग्नल दिसतो. हिरवा झाला की ती भाताखालचा गॅस बंद करते. गाडी वेळेवर असेल तर भात मोकळा, नसेल तर गिचका. "इतक्या वर्षांत कधी घड्याळ लावलं नाही मी," ती म्हणाली. "इथे तुझ्या घड्याळावर भात चांगला होतो गं. पण तो तुझा भात होतो."

"गिचका खायची हौस आहे तर जा."

"आणि हे बघ, तुझं घर तुझं, माझं माझं, तरच आपल्याला एकमेकींकडे जायला कुठेतरी उरतं."

बोलण्यात मी तिला कधी हरवलेलं नाही. भांडी घासून टाकली.

२० फेब्रुवारी, शनिवार

भाचा पुढच्या शनिवारी येतोय.

मी अंघोळीला गेले होते तेव्हा धाकटीने मिठाची बरणी एकटीने उघडायचा घाट घातला. आधी खणात आवळून पाहिली, पण खण लाकडी आणि बरणी गुळगुळीत, ती नुसती गोल गोल फिरायची. मग खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरली. जोर लावला तशी निसटली आणि फुटली. मी आले तर फरशीभर काचा आणि मीठ, आणि ती मध्ये तशीच बसलेली. हाताला कुठे लागलं नव्हतं. रडतही नव्हती. पायाशी पडलेलं झाकण तिने उचललं. बरणीचा गळा अजून त्यात तसाच गच्च बसलेला होता.

"हे एवढं एकच राहिलं गं ताई," ती म्हणाली. "एवढ्यावरून माझं घर जाणार."

मी काचा भरल्या, फरशी पुसली. मग दूध आणायला बाजारात गेले. दूध घरात होतं. परत येताना वाटेतल्या बाकावर बसले. का ते सांगता येणार नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठल्याबरोबर शिकंजा कपाटावरून काढला आणि फळीखाली बसवला. स्क्रू चांगले जाड आहेत.

धाकटी दात घासून आली आणि दारातच थबकली. "हा कधी आणलास?"

"आणला."

तिने ओट्यावरचं रिकामं खोकं उचललं, उलटंपालटं केलं, वरून एक बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं. "हल्ली धूळ फार लवकर बसते नाही?"

मी गॅस पेटवला.

"ताई."

"काय?"

"काही नाही. चहा मी करते, तू बस." साखरेची बरणी तिने शिकंज्यात सारली आणि मनगट वळवलं. टक्. इतकासा आवाज झाला. तिने ती बंद केली आणि पुन्हा उघडली. मग चहाची बरणी, मग डाळीची. सगळ्या बरण्या एकेक करून उघडल्या, लावल्या, उघडल्या, घरात मूल पहिल्यांदा दिव्याचं बटण दाबायला शिकतं तशी. आणि मी शपथेवर लिहिते, त्या प्रत्येक टक्ला माझ्याही अंगावर काटा येत होता.

२७ फेब्रुवारी, शनिवार

भाचा स्टुलावर बसला. मदतीला उठू नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मी दारात.

धाकटीने चहा केला. दुपारचा स्वयंपाक केला, भात, भाजी, सूप. चॉपर खणात, पातेलं फडक्यावर, बटाटा खिळ्यांवर. एकदा चमचा खाली पडला तेव्हा भाचा अर्धा उठला. तिने मान न वळवता म्हटलं, "बस खाली, नाहीतर तुझे हात तुझ्या मावशीकडून बांधून घेईन. तिला अनुभव आहे." पायाच्या बोटांनी चमचा उचलला, धुतला, पुढे सुरू.

संध्याकाळी ऑम्लेट. यासाठी मी यंत्र आणलेलं नाही. एका हाताने अंडं फोडायचं मिळतही असेल, मी शोधलं नाही. तिने अंडं तळहातात घेतलं, वाडग्याच्या कडेवर हलकेच टेकवलं, आणि बोटं उघडली. अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे, कवचाचे दोन अर्धे वेगळे आणि मधला पिवळा सूर्य अखंड वाडग्यात. भाच्याने हात मांड्यांखालून काढले आणि तोंडावर धरले. महिनाभर मी दुकानांतून आश्चर्यं वेचून आणत होते आणि सगळ्यांत मोठं माझ्याच घरात स्लिपरा घालून फिरत होतं.

शेवटी मीठ. नव्या बरणीचं झाकण. ती शिकंज्याकडे वळली, मग एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. हाक मारायची असेल असं मला वाटलं. माझा पाय पुढे पडला होता. तिने बरणी सारली. टक्.

जेवून झाल्यावर भाच्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या डाव्या हातात ठेवली. तो रडत होता. ती म्हणाली, "भांडी घास. तेवढी मदत चालते."

१ मार्च, सोमवार

धाकटी गेली. भाचा पोचवून परस्पर स्टेशनला गेला. यंत्रं सगळी बांधून दिली. शिकंजा मीच उतरवला, तिच्या फळीखाली मीच बसवून आले. सिग्नल पाहिला. हिरवा झाला तेव्हा तिने गॅस बंद केला. गाडी उशिरा होती. भात गिचका. दोघींनी खाल्ला.

माझ्या फळीखाली स्क्रूची भोकं राहिलीत. मेण भरायला हवं. सफरचंदाचं यंत्र तिने नेलं नाही. म्हणाली, "ते तुझं आहे, कबूल कर."

४ मार्च, गुरुवार

एक गोष्ट कळत नाही. निघायच्या आधी सकाळचा चहा तिने केला होता आणि बरण्या तिनेच लावून ठेवल्या होत्या. तीन दिवस मी दुधाबरोबर फुकट मिळालेली चहाची पुडी वापरली, ती संपली. आज चहाची बरणी उघडायला घेतली तर झाकण हलेना. फडकं लावलं. गरम पाण्याखाली धरलं. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, दात ओठ खाऊन. छे! एका हाताने, तेही डाव्या, तिने ते असं कसं आवळलं? माणसाच्या हातात एवढं बळ येतं कुठून? बाकी सगळ्या बरण्या सहज उघडतात. हीच तेवढी.

फोन केला. सांगितलं.

पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. मग म्हणाली, "मारलीस ना हाक?"

"चहा अडलाय माझा."

"रविवारी देते उघडून. शिकंजा इथे आहे, तेव्हा बरणी घेऊन तूच ये कशी. भात टाकते."

"म्हणजे रविवारपर्यंत मी बिनचहाची?"

"राहशील की."

संध्याकाळी बाजारात गेले. भांडेवाल्याकडे तसाच शिकंजा समोर टांगलेला आहे. त्याने न मागता काढून माझ्यापुढे ठेवला. मी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. स्क्रू बारीक वाटतात.